क्रॅपी माशांसाठी एकाच दोरीवर दोन-तीन जिग कसे बांधायचे? माझा दर वेळी गुंता होतो.

तुम्ही लिहिलंय की डॅलसच्या आसपासच्या तलावांवर लोक एका दोरीवर दोन-दोन जिग (शिशाच्या डोक्याचे, प्लास्टिकचं अंग चढवलेले आकडे) लावून क्रॅपी, म्हणजे इथला गोड्या पाण्यातला मासा, पकडताना दिसतात, तुम्ही तीन लावून पाहिले, तर प्रत्येक फेकीनंतर नुसता गोळा हाती येतो. आधी तिसरा जिग काढून डब्यात ठेवा. तीन जिग बोटीतून काठी स्थिर धरून सरळ खाली सोडणाऱ्यांना जमतात. किनाऱ्यावरून फेकणाऱ्याचा निम्मा दिवस गाठी सोडवण्यात जातो.

दुसरा जिग एकदम दोन मासे काढायला नसतो. कधीकधी दोन लागतात, फोटो झकास येतो, बाकी काही नाही. त्याचं खरं काम शोधाचं आहे. क्रॅपी थव्याने राहतो, पुलाच्या खांबाला नाहीतर बुडालेल्या झाडाला धरून, आणि थवा बऱ्याचदा एका ठरावीक खोलीवरच थांबलेला असतो. शिवाय हा मासा वर बघून खातो. डोक्यावरून जाणारं भक्ष्य टिपायला तो वर येईल, पण खाली गेलेल्या जिगच्या मागे फारसा जात नाही. म्हणून तो किती खोल आहे हे आधी कळायला हवं, आणि दीड फुटाच्या अंतरावरचे दोन जिग ते लवकर सांगतात. एकदा खोली कळली की मी बहुतेक वेळा एक जिग कापून टाकतो. हे ऐकून लोक हसतात, पण एकट्या जिगची पडण्याची चाल आणि हलणं दोघांपेक्षा जास्त ताब्यात राहतं.

आता गुंत्याचं. खालचा जड, वरचा हलका, यात तडजोड नाही. खाली 1/16 औंस (पावणेदोन ग्रॅमच्या आसपास) आणि वर त्याच्या निम्मा, म्हणजे 1/32. खालचं वजन दोरी ताणून धरतं, त्यामुळे वरच्याला तिच्याभोवती गिरक्या घ्यायला वाव राहत नाही. उलटं बांधलंत तर खाली पडताना वरचा जड जिग खालच्याला गाठतो आणि तिथेच गाठ बसते. कोकणात खाडीवर गरवणारे एका तंगुसावर दोन-तीन गळ लावतात तेव्हा शिसं शेवटाला असतं, त्यामागे हेच आहे. दोन जिगांत दीड फूट ठेवा. फुटाच्या आत आणलेत की ते एकमेकांना धरतातच.

दोरी 6 पौंडी मोनो, म्हणजे 6 पौंडांचा ताण सोसणारी एकेरी नायलॉनची. एका जिगला 4 पौंडी चालते, दोघांना ती कमी पडते. काठीवर वेणीची दोरी, म्हणजे ब्रेड असेल तर शेवटचा तीन-चार फुटांचा तुकडा तरी मोनोचा किंवा तशाच कडक फ्लोरोकार्बनचा जोडा. ब्रेड मऊ असते, जिग तिच्यात सहज अडकतात.

फेकून मासे धरणार असाल तर वरचा जिग थेट मुख्य दोरीतच बांधा, त्याच्यासाठी बाजूला वेगळी आखूड दोरी, म्हणजे फांदी, काढू नका. यासाठी पालोमार गाठ उत्तम. शेवटापासून दोन-अडीच फुटांवर दोरी दुमडा, दुमड जिगच्या नेढ्यातून ओवा, दुहेरी दोरीची एक साधी सैल गाठ मारा, मग उरलेल्या फाशातून अख्खा जिग काढून घ्या. थुंकी लावून हळूहळू आवळा, कोरडी दोरी घासून कमजोर होते. मोकळी राहिलेली लांब शेपटी कापायची नाही, तिच्याच टोकाला खालचा जिग बांधायचा. खालच्या जिगला मात्र घट्ट गाठ नको, न सरकणारा छोटा फासा ठेवा, म्हणजे तो मोकळा डुलेल.

पुलाखाली किंवा धक्क्यावरून सरळ खाली सोडणार असाल तर वरच्या जिगला आखूड फांदी द्यायला हरकत नाही, तिथे तो जास्त जिवंत दिसतो. दोन फुटांचा वेगळा तुकडा मुख्य दोरीच्या टोकाशी सहा-सात इंच एकमेकांवर ठेवा, दोन्ही मिळून एक मोठा फासा करा, त्यातून टोक आणि तो तुकडा एकत्र दोनदा फिरवा आणि चारही बाजूंनी ओढा. याला इथे सर्जन गाठ म्हणतात. दोन शेपट्या उरतील, एक वर बघणारी, एक खाली. वरची कापा, खालची तीन-चार इंच ठेवून तिला वरचा जिग बांधा, आणि जोडलेल्या तुकड्याच्या टोकाला खालचा. खालची शेपटी हे मुख्य दोरीचंच टोक असतं, म्हणून वरच्या जिगचा मासा सरळ मुख्य दोरीवर तोलला जातो. तिची लांबी वाढवलीत की गुंता परत सुरू.

फेकताना हिसका देऊ नका. काठी मागे नेऊन सावकाश झोका द्या, आणि जिग पाण्याला टेकायच्या जरासं आधी रिळावरची दोरी बोटाने अडवा. दोन्ही जिग हवेतच सरळ रेषेत येतात. गाठी नीट असूनही गुंता होत असेल तर गडबड बहुतेक इथेच असते.

रंगाच्या बाबतीत इथल्या दुकानात कुणी ना कुणी छातीठोकपणे एक रंग सांगतोच. ऐकून घ्या, पण ताडून पाहा. समजा खाली काळा-पोपटी आहे, वर गुलाबी, आणि सगळे मासे खालच्यालाच लागतायत. कारण रंग की खोली? जिगची डोकी आहेत तिथेच राहू द्या, फक्त प्लास्टिकची शेपटाळ अंगं वरखाली बदला. मासे तरी खालीच लागले तर खोलीचा प्रश्न आहे, रंगाचा विचार सोडा. गुलाबीच्या मागे वर गेले तर रंगाचा. दोन मिनिटांचं काम आहे, पण करणारे थोडे. मग मासे मिळूनही का मिळाले ते कळत नाही.

थंडीत एक लक्षात ठेवा. दोन जिगांचं मिळून वजन वाढतं, ते भराभर खाली जातात, आणि गार पाण्यातला क्रॅपी सावकाश पडणाऱ्या गोष्टीलाच तोंड लावतो. तेव्हा दोन्ही जिग एकेक पायरी हलके घ्या, किंवा सरळ एकच ठेवा.

झुडपात दोन जिग मी टाळतो. या तलावांत लोक मासे जमावेत म्हणून तोडलेली झाडं बुडवतात. वरच्या जिगला लागलेला मासा फांद्यांत घुसला की मोकळा लोंबणारा खालचा जिग कुठेतरी रुततो, आणि क्रॅपीच्या तोंडाची कातडी इतकी पातळ असते की ओढाताणीत ती फाटून मासा सुटतो. तरी लावायचेच असतील तर सर्जन गाठीत खालचा तुकडा 4 पौंडी घ्या. अडकला तर तेवढाच तुटेल. पातळ तारेचे आकडे घेतलेत तर कित्येकदा जोर लावल्यावर आकडा सरळ होऊन जिग परतही येतो.

मासा वर घेताना दुसरा आकडा मोकळा झुलत असतो हे विसरायचं नाही. दोरी वरच्या जिगच्याही वर धरा आणि आकड्यांच्या टोकांजवळचे उलटे काटे पकडीने दाबून टाका. जाळीही रबराची घ्या, कापडी जाळीत मोकळा आकडा रुतला की तो सोडवेपर्यंत मासा तडफडत राहतो.

नियमांबद्दल विचारलंय. टेक्सासात राज्याचा सर्वसाधारण नियम दिवसाला 25 क्रॅपी, लांबी किमान 10 इंच, पण काही तलावांना वेगळे नियम आहेत. परवान्याचं वर्ष 1 सप्टेंबरपासून 31 ऑगस्टपर्यंत. एका दोरीवर किती आकडे आणि एका माणसामागे किती काठ्या यावर काही राज्यांत मर्यादा असते, तेव्हा सुट्टीत दुसऱ्या राज्यात गेलात तर तिथली नियमपुस्तिका आधी उघडा आणि मगच दुसरा जिग बांधा.