लांबी नको, बुड बघा

प्रश्न: माझी २१ फुटी आउटबोर्ड बोट आहे, मालवणहून देवगडला निघालं की दुपारच्या वाऱ्यात सगळे चिंब, बायको तर आता यायलाच नको म्हणते. मुंबईत जुनी ३४ फुटी मोटर क्रूझर विकायला आहे, दोन डिझेल इंजिनं, स्टर्नड्राइव्ह (इंजिन आत, पंख्याचा पाय मागे बाहेर पाण्यात). घेऊ का?

उत्तर: भाऊ, सपाट बुडाची असेल तर ३४ फुटी पण आपटतेच, मागच्या टोकाला बुडाचा व्ही, म्हणजे आडव्या रेषेपासून प्रत्येक बाजूचा चढ, २० अंशांच्या आसपास हवा, मग लाट कापत जाते, फक्त उभी असताना जास्त डुलते आणि डिझेलही जरा जास्त पिते. स्टर्नड्राइव्ह मी तरी घेणार नाही, वर्षभर खाऱ्या पाण्यात उभी राहणारी बोट, त्याचे रबरी बेलोज (घड्यांचे नळे, जे पाणी आत येऊ देत नाहीत) फाटले की पाणी थेट आत, वर शिंपले चढतात ते वेगळंच, शाफ्टवाली, म्हणजे बुडाखालून जाणाऱ्या सरळ दांड्यावर पंखा असलेली, शोधा. बघायला जाल तेव्हा इंजिन गार पाहिजे, मालकाने आधीच गरम करून ठेवलं असेल तर गार असताना ते नीट सुरू होत नसावं, हे समजून जा. डेकवर प्लास्टिकच्या हातोडीने ठोकत फिरा, टणक आवाजाच्या जागी भद्द वाजलं की आतला गाभा कुजलाय. ट्रायल सकाळी नकोच, दुपारी वायव्येचं वारं सुटल्यावर घ्या, आधी लाटेसमोर, मग लाट मागून घेऊन. आणि बोट तपासून देणाऱ्या सर्व्हेयरचे पैसे वाचवायला जाऊ नका.