ते शब्द पहिल्याच कागदावर लिहून घ्या

भाऊ, तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि झोप गेली. शेताकडे जाणाऱ्या पांदणीवर तुमची बंडी अडवली, जातीवरून शिव्या दिल्या आणि ठाण्यातून एनसीचा, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याच्या नोंदीचा, कागद देऊन तुम्हाला घरी पाठवलं. 2017 च्या खरिपात आमच्याकडे हेच झालं होतं, फक्त पांदणीच्या जागी वावराचा धुरा, म्हणजे बांध, होता. मी वकील नाही. कोर्टाच्या चकरा मारून जे कळलं तेवढंच सांगतो. अॅट्रॉसिटीचा कायदा, म्हणजे अनुसूचित जाती-जमातींवरचे अत्याचार रोखणारा कायदा, तुम्हाला माहीत असेलच.

माझी चूक सांगतो. शिव्या माझ्या आईला दिल्या होत्या, निंदणाऱ्या बायांच्या देखत, आणि वर काठीही मारली होती. ठाण्यात आई माझ्या शेजारीच बाकावर बसली होती. जमादारांनी विचारलं, "नेमकं काय म्हणाला?" आईसमोर ते शब्द माझ्या तोंडातून निघेनात. मी म्हटलं, "साहेब, जातीवरून घाण बोलला." त्यांनी लिहिलं, "धुऱ्याच्या वादातून अश्लील शिवीगाळ व मारहाण केली." जात गेली, निंदणाऱ्या बाया गेल्या, उरला फक्त धुरा. शेवटची एसटी गाठायची होती, मी न वाचता सही केली.

पुढे पुरवणी जबाबात सगळं सांगितलं, अॅट्रॉसिटीचं कलमही लागलं. पण उलटतपासणीत समोरच्या वकिलाने तो पहिला कागदच पुढे केला. पहिल्या दिवशी का नाही सांगितलं? नंतर सुचलं का? कोर्टाने मारहाण मान्य केली, जातीचं कलम टिकलं नाही. निकाल ऐकून आईने विचारलं, "म्हणजे तो तसं बोललाच नाही का?" याचं उत्तर मला आजही देता येत नाही.

खैरलांजी आपल्या विदर्भातलीच, 2006 मध्ये तिथे एका दलित कुटुंबातल्या चौघांचा खून झाला. त्या कुटुंबाच्या दुःखाशी आमची तुलना होऊच शकत नाही, पण तिथेही 2008 मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी धरलं तेव्हा अॅट्रॉसिटीचं कलम लागू झालं नाही, आणि 2010 मध्ये नागपूर खंडपीठानेही ते मानलं नाही. म्हणून कळकळीने सांगतो, कितीही लाज वाटली तरी ते शब्द जसेच्या तसे लिहून घ्या. "जातिवाचक शिवीगाळ" एवढ्यावर भागवू नका. आईबहीण सोबत असेल तर तिला थोडा वेळ बाहेर बसवा, पण बोला. जागा लिहा, कोणी ऐकलं ते लिहा, समोरच्याची जात लिहा. शिवीगाळीचं कलम लोकांच्या नजरेसमोर घडलेल्या घटनेलाच लागतं. चार भिंतींच्या आत, बाहेरचं कोणी नसताना झालेलं त्यात बसत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये सांगितलं आहे. तुमची पांदण तर उघडा रस्ता आहे.

तोंडी तक्रार लिहून घेतली की ती वाचून दाखवणं, मगच सही घेणं आणि नक्कल लगेच देणं हे या कायद्याच्या कलम 4 प्रमाणे पोलिसांचं कर्तव्यच आहे. ते मुद्दाम टाळणाऱ्याला सहा महिने ते एक वर्ष कैद सांगितली आहे. तरी माझ्या मते ठाणेदारासमोर हे कलम धमकीसारखं काढू नये, शांतपणे "साहेब, वाचून दाखवा" म्हणावं. "आधी चौकशी करतो, मग गुन्हा बघू" असं म्हणतील. 2018 च्या दुरुस्तीनंतर कलम 18अ प्रमाणे गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही.

आता तुमच्या हातात एनसी आहे. आजच सविस्तर अर्ज लिहून पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने पाठवा, नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या) कलम 173(4) खाली. पावती जपून ठेवा. तिथेही काही झालं नाही तर मग न्यायदंडाधिकारी. तपास पोलीस उपअधीक्षकाच्या (डीवायएसपी) दर्जाच्या खाली कोणी करू शकत नाही, हेही तपासून घ्या. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही. हे मला दोन वर्षांनी कळलं, तोवर एक बैलजोडी विकून झाली होती. 14566 ही हेल्पलाइनही आहे.

या कायद्याखाली पीडिताला मिळणाऱ्या सरकारी मदतीच्या रकमेबद्दल जास्त बोलत नाही. पहिला हप्ता गुन्हा नोंदवल्यावर मिळायला हवा, आणि एका कार्यालयाने मला त्यासाठी आठ महिने "पुढच्या सोमवारी या" सांगितलं. दर सोमवारी एक मजुरी बुडायची. तिथला प्रत्येक अर्ज दोन प्रतींत द्या, एकीवर शिक्का घ्या.

आणि गावात तडजोड करायला तंटामुक्ती समितीवाले येतील, पानठेल्यावर "कायद्याचा गैरवापर" सुरू होईल. चहा प्या, ऐका, पण कोणत्याही कागदावर सही करू नका. गैरवापर कुठे होतच नाही असं मी म्हणणार नाही, पण आमच्या पट्ट्यात मी तरी ठाण्यातून रिकाम्या हाताने परतलेलीच माणसं जास्त पाहिली.

तुम्ही लिहिलंय की त्या वेळी पांदणीवर दोन गुराखी होते. त्यांची नावं अर्जात आहेत का? नसतील तर अर्ज पोस्टात टाकायच्या आधी त्यांना भेटून या, गाववाले भेटायच्या आत.