राउंडमध्ये मागे उभे राहणारे विद्यार्थी

प्रश्न: मी फिजिशियन आहे, वॉर्डात शिकवतोही. राउंडला सात-आठ विद्यार्थी असतात, पण बोलतात ठरावीक दोघं-तिघंच. बाकीच्यांना कसं सामावून घ्यावं?

उत्तर: ‘कोण सांगेल?’ असं विचारणं आधी सोडा. त्यावर ज्याचा आवाज मोठा तोच बोलणार. प्रश्न सगळ्यांपुढे टाका, मनात पाच आकडे मोजा, मग नाव घ्या. नाव आधी घेतलंत की बाकीचे सुटतात. शिक्षक सहसा सेकंदभरच थांबतात. ३ सेकंद थांबले तर एरवी गप्प असणारी मुलंही बोलतात, हे अमेरिकी शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात शाळेच्या वर्गांत दाखवलं होतं.

पुढे ‘वन-मिनिट प्रिसेप्टर’ वापरा; रुग्णासमोर थोडक्या वेळात शिकवण्याची, १९९२ साली मांडलेली ही पद्धत राउंडच्या घाईतही बसते. विद्यार्थ्याकडून एक निदान वदवून घ्या, चुकलं तरी चालेल. मग विचारा, ‘कशावरून?’ घात होतो तो इथेच. निदान चुकलं की आपण बरोबर उत्तर सांगून मोकळे होतो आणि त्याचा विचार कुठे फसला ते कळतच नाही. धाप लागलेल्या रुग्णाला तो न्यूमोनिया म्हणाला, कारण काय तर क्रेप्स, म्हणजे स्टेथोस्कोपने छातीत ऐकू येणारा चरचर आवाज. मग त्याला मानेच्या शिरा आणि पायांची सूज बघायला लावा. हार्ट फेल्युअर बहुधा तो स्वतःच सांगेल. त्यानंतर तीन गोष्टी करा: त्या रुग्णावरून एकच नियम शिकवा, विद्यार्थ्याने बरोबर काय केलं ते सांगा आणि चूक दुरुस्त करा. नुसतं ‘छान’ पुरत नाही. ‘खोकायला लावून क्रेप्स परत ऐकलेस, ते बरोबर केलंस’ हे लक्षात राहतं. रुग्णाला धोका होईल ती चूक तिथल्या तिथे थांबवा. बाकीची बाहेर, एकट्याला सांगा.

आणि रुग्णाला विद्यार्थिनीची ओळख तुम्हीच करून द्या. नाहीतर तो तिला ‘सिस्टर’ म्हणतो आणि तपासणी शेजारच्या मुलाकडे जाते.

प्रश्न: मेंटॉर म्हणून दरमहा भेटतो, पण भेट गप्पांतच संपते.

उत्तर: आदल्या दिवशी तीन ओळी मागवा: काय केलं, कुठे अडलं, काय हवंय. पण सल्ला हे अर्धंच काम. पेपर, परिषदेतलं पोस्टर, ऑडिट (वॉर्डातल्या कामाचा आढावा) यांसाठी तुम्ही सुचवलेली शेवटची सहा नावं वहीत लिहून काढा. सहाही जण स्वतः येऊन मागणारेच निघाले, तर सातवं नाव न मागणाऱ्याचं सुचवा. मात्र ‘तिचं मूल लहान आहे, जमणार नाही’ असं परस्पर ठरवू नका; तिलाच विचारा.