दक्षिण अमेरिकेच्या जंगलात गाइडेड टूर घेऊन गेलं तर त्याला बॅकपॅकिंग म्हणायचं का?

म्हणायचं. आणि गाइडशिवाय जमेल का, असं जे तुम्ही विचारलंय, त्याचं उत्तर नाही असं आहे.

तुमचा प्रश्न असा की, सह्याद्रीत पंधरा वर्षं भटकंती झाली आहे, आता बोलिव्हियात रुरेनाबाकेला जाऊन जंगल आणि पाणथळ असं दोन्ही बघायचंय, हातात दहा दिवस आहेत, पण ‘टूरवाल्यांच्या मागे मेंढरासारखं’ फिरायचं नाही. आणि दोन्हींतलं एकच करायचं झालं तर कोणतं? यातलं मेंढरांचं वाक्य मला माझ्या मामेभावाने भाचीच्या साखरपुड्यात, दहा माणसांसमोर ऐकवलं होतं. ‘पैसे मोजून वाटाड्याच्या पाठीमागे चालायचं, यात तुझं काय?’ तेव्हा पंगत बसत होती, म्हणून मी गप्प बसलो. आज लिहितो.

रुरेनाबाके कुठे आहे हे तुम्ही पाहिलं असेलच. बोलिव्हियातलं ला पास शहर ३,६०० मीटरवर, आणि तिथून छोट्या विमानाने तासाभराच्या आत तुम्ही बेनी नदीकाठच्या या घामट गावात उतरता. अँडीजच्या शेवटच्या टेकड्या गावाच्या पाठीशी संपतात. नदीने वर गेलं की तुइची नदीचा संगम आणि मदिदी राष्ट्रीय उद्यान, १९९५ साली जाहीर झालेलं, जवळपास १९ लाख हेक्टर. दुसऱ्या बाजूला सपाट गवताळ पाणथळ, तिलाच पम्पास म्हणतात. सान्ता रोसापर्यंत गाडीने जायचं आणि पुढे याकुमा नदीत लांबलचक, अरुंद होडीने.

मी पम्पास आधी केलं, मग मदिदीत चार दिवस. मदिदीतल्या तिसऱ्या दिवसाची गोष्ट सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्यापुरतं तिथेच मिळालं.

आम्ही चौघे आणि गाइड. गाइड तिथल्या ताकाना या आदिवासी समाजाचा, चाळिशीतला, तुइचीच्याच काठावर वाढलेला. माझं स्पॅनिश कामापुरतं, त्याचं बोलणं कमी, त्यामुळे आमचं बरं जमलं. दुपारी एका ओहोळाशी थांबलो होतो. मी लघवीला म्हणून वाटेच्या बाजूला गेलो. तीस पावलं, फार तर चाळीस. परत वळलो तर वाट नव्हती.

सह्याद्रीत वाट चुकणं म्हणजे काय हे मला माहीत आहे. धुक्यात चुकलोय, कारवीत चुकलोय, रात्री चुकलोय. पण आपल्याकडे डोंगर तुम्हाला काहीतरी सांगत असतो. धार कुठे आहे ते कळतं, पाणी उताराला जातं, ओढा धरला तर कड्याची भीती असते, पण खाली कुठेतरी वाडी आहे हे पक्कं असतं. एखादा सुळका ढगातून डोकं काढतो आणि दिशा लागते. तिथे यातलं काहीच नाही. जमीन सपाट. वर पानांचं छत एवढं दाट की ऊन एका बाजूने येतच नाही, सगळीकडून सारखाच हिरवट उजेड. दहा मीटरच्या पलीकडे दिसत नाही. आमच्या लोकांचं बोलणं मला ऐकू यायला हवं होतं, ते आलं नाही. मी हाक मारली, तर आवाज तोंडासमोरच विरून गेला.

आजी चकव्याच्या गोष्टी सांगायची. माणूस रात्रभर एकाच शेताला फेऱ्या घालतो आणि त्याला वाटतं आपण गावाकडे निघालोय. मला भर दुपारी चकवा लागला.

मग मी चूक केली. ‘आलो तो याच बाजूने’ असं ठरवून पाच मिनिटं चालत राहिलो. एका झाडाला टेकायला हात लावला. सरळ, गुळगुळीत खोड, बुंध्याभोवती जमीन झाडून काढल्यासारखी स्वच्छ. ती स्वच्छता बघून मला बरं वाटलं होतं. क्षणात खोडातून मुंग्या बाहेर आल्या आणि मनगटापर्यंत आग झाली. त्या मुंग्या त्या झाडाच्या पोकळ फांद्यांत राहतात, झाडाला हात लागला की तुटून पडतात, बुंध्याशी दुसरं रोपही रुजू देत नाहीत. गाइडने हे झाड आम्हाला पहिल्याच दिवशी दाखवलं होतं. मी तेव्हा फोटो काढण्यात होतो.

मग धम्म असा आवाज आला. थोडं थांबून पुन्हा धम्म. लांब कुठेतरी ढोलावर एकच टिपरू पडावं तसा. तिथल्या मोठ्या झाडांच्या बुंध्याला भिंतीसारख्या उभ्या, पातळ मुळ्या असतात, माणसाच्या डोक्यापेक्षा उंच. गाइड कोयत्याची सपाट बाजू अशाच एका मुळीवर मारत होता. हाक पोचत नाही तिथे हा आवाज पोचतो. मी आवाजाच्या रोखाने गेलो. सगळं मिळून वीसेक मिनिटं झाली असतील.

तो रागावला नाही. माझा हात पाहिला, आणि मला घेऊन, मी जसा गेलो तसा माझ्याच मागावरून फिरवून आणला. इथे पान उलटलंय, खालची फिकट बाजू वर आली आहे. इथे नेचा मोडला. इथे बुटाची टाच. इथे तू थांबलास, दोनदा वळलास. आणि दर वेळी डावीकडे गेलास. जिथे मला मुंग्या चावल्या तिथून आमची वाट ऐंशी पावलांवर होती. मग त्याने वाटेवरच्या बारीक फांद्या दाखवल्या, कमरेच्या उंचीवर मोडून, पण तोडून न टाकता वाकवलेल्या. तीन दिवस तो चालता चालता एका हाताने हे करत होता आणि आमच्यापैकी एकालाही ते दिसलं नव्हतं. शेवटी एवढंच म्हणाला की, वाट गेली असं वाटलं की तिथेच खाली बस, मी येतो.

दुसऱ्या दिवशी त्याने हात वर करून सगळ्यांना थांबवलं. मला काही दिसलं नाही, ऐकूही आलं नाही. मग वास आला, घामट, आंबूस, उग्र. रानडुकरांचा कळप येत होता. त्याने एकेकाला झाडाआड उभं केलं आणि समोरून पाच-सहा मिनिटं डुकरं जात राहिली, दात कटकट वाजवत. तो नसता तर आम्ही त्या कळपात चालत गेलो असतो.

आता सांगा, यात मेंढरू कोण?

पम्पास वेगळं. तिथे चालणं कमी, बसणं जास्त. होडी निघाल्यावर पहिल्या तासात काठावर कॅपिबारांची, म्हणजे डुकराएवढ्या मोठ्या उंदरांची, कुटुंबं, मगरीच्या जातीचे केमन, कासवं, आणि फांद्यांत भुसभुशीत तुऱ्याचा सेरेरे पक्षी एवढं दिसतं की मान दुखते. गुलाबी डॉल्फिन, ज्याला तिथे बुफेओ म्हणतात, होडीशेजारी फुस्स करून श्वास सोडतो. बोलिव्हियाने २०१२ साली कायदा करून त्याला राष्ट्रीय नैसर्गिक वारसा ठरवलंय. म्हणजे प्राणी बघायचे असतील तर पम्पास, आणि तेही कोरड्या हंगामात, मे ते ऑक्टोबर, कारण पाणी आटलं की सगळे नदीकाठी येतात. मदिदीत पक्ष्यांच्या १,०००हून जास्त जाती आहेत, पण त्यांतल्या बहुतेक तुम्हाला फक्त ऐकू येतील. तरी एकच करायचं तर मी जंगल म्हणेन. दहा दिवसांत दोन्ही आरामात होतं.

पण पम्पासमध्येच मला वाईट गाइडही भेटला. स्वस्तातली टूर होती. त्याने दलदलीतून अ‍ॅनाकोंडा ओढून काढला आणि तो हातोहात फिरला, फोटोसाठी. सगळ्यांच्या हाताला डासांचं मलम. मीही धरला. त्याची आजही लाज वाटते. तेव्हा बुकिंग करताना एकच विचारा: तुमचा गाइड जनावराला हात लावतो का, केमनला खायला घालतो का? ‘हो, हो, फोटो मिळेल’ असं उत्तर आलं की उठून बाहेर पडा, किंमत कितीही कमी असो. दुसरं, गाइड त्या नदीवरचाच आहे का ते बघा. तुइचीवरच्या सान होसे दे उचुपियामोनास गावाने चलालान हे निवासस्थान स्वतः उभं केलं. पर्यटकांचा पैसा गावात राहिला की झाड तोडण्यापेक्षा झाड दाखवणं परवडतं. त्या भागातल्या नद्यांवर सोन्यासाठी पारा वापरून खाणकाम चालतं, हे लक्षात ठेवून पैसे कुठे द्यायचे ते ठरवा.

मामेभाऊ योसी गिन्सबर्गचं उदाहरण देतो. १९८१ साली हा इस्रायली तरुण तुइचीवर सोबत्यांपासून तुटला आणि तीन आठवडे एकटा जगला. भावाच्या मते हे खरं साहस. पण ते एकूण चौघे होते आणि त्यांतले दोघे परत आलेच नाहीत, हे तो कधी सांगत नाही. त्यांना जंगलात नेणारा माणूस तिथला नव्हता, एक ऑस्ट्रियन होता, मोठमोठ्या बाता मारणारा. आणि गिन्सबर्ग वाचला तो त्या चौघांतल्याच एका मित्राने स्थानिक नावाड्याला घेऊन नदी पालथी घातली म्हणून.

रतनगडाहून कात्राबाईच्या खिंडीने हरिश्चंद्रगडाला जाताना याच भावाने रतनवाडीतल्या वाटाड्याला ‘गरज नाही’ म्हणून परत पाठवलं होतं. सहा तास आम्ही ढोरवाटांवर फिरलो, पाणी संपलं, आणि शेवटी एका गुराख्याच्या पोराने खिंड दाखवली. त्या पोराला भावाने वीस रुपये दिले आणि घरी येऊन सांगितलं की वाट आम्हीच काढली. मला राग त्या सहा तासांचा नाही, त्या वाक्याचा आहे.

आणखी थोडं. शाकाहारी असाल तर बुकिंगच्या वेळीच सांगा, युका, केळी, भात मिळतं. युका म्हणजे आपला उपासाचा साबुदाणा ज्या कंदाचा होतो तोच. खिचडीतले शेंगदाणे आणि बटाटाही त्याच खंडातले. पीतज्वराची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच घ्या, कार्ड जपा. ते नसेल तर भारतात परतल्यावर सहा दिवस विलगीकरणात ठेवू शकतात. जून ते ऑगस्टमध्ये जाणार असाल तर स्वेटर न्याच. दक्षिणेकडून सुरासो नावाचा गार वारा येतो आणि कालपर्यंत घामाने भिजवणारं जंगल एका रात्रीत कुडकुडायला लावतं. मी दोन रात्री पिशवीतले सगळे कपडे एकावर एक घालून झोपलो. गाइडने त्याची घोंगडी देऊ केली होती, मी घेतली नाही, कारण त्याच्याकडे ती एकच होती.