नवा कॅटॅलिस्ट हाती घेण्याआधी

नागपूर, एप्रिल

अनेक आशीर्वाद.

पीएचडीचा प्रवेश पक्का झाला, विषयही ठरला: पाण्याच्या विद्युत-विघटनासाठी स्वस्त कॅटॅलिस्ट (अभिक्रियेचा वेग वाढवणारा पदार्थ) आणि सोबत आयन वाहून नेणारं मेम्ब्रेन. गाइडनी पेपरांचा गठ्ठा दिला असेल आणि उद्याच ऑटोक्लेव्ह (पदार्थ दाबाखाली शिजवायचं बंद भांडं) ओव्हनमध्ये सरकवावा असं तुला वाटत असेल. जरा थांब. पहिले तीन-चार महिने नवीन काही बनवूच नकोस. ज्याचं उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे तेच तुझ्या सेलमध्ये, तुझ्या हातानं मोज. ते जुळत नसेल तर नव्या पदार्थाचा आकडा कशाच्या भरवशावर छापणार?

सुरुवात प्लॅटिनमनं कर. 0.5 मोलर सल्फ्युरिक आम्ल, अर्धा तास नायट्रोजन, मग आरएचई (त्याच द्रावणातला हायड्रोजन इलेक्ट्रोड शून्य धरणारं) मापावर 0.05 ते 1.2 व्होल्टमध्ये पोटेन्शियल पुढे-मागे फिरव, सेकंदाला 50 मिलिव्होल्टच्या वेगानं, आणि प्रवाहाचा आलेख, म्हणजे व्होल्टॅमोग्राम, काढ. डावीकडे हायड्रोजनची शिखरं ठसठशीत, वेगवेगळी दिसली पाहिजेत. ती बोथट दिसली तर काचेवर किंवा पाण्यात सेंद्रिय घाण आहे. लिटरमागे 1 ग्रॅम पोटॅशियम परमँगनेट घातलेल्या सौम्य सल्फ्युरिक आम्लात काच रात्रभर बुडवून ठेव. सकाळी सौम्य आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइडच्या मिश्रणानं तपकिरी थर काढ, मग 18.2 मेगाओहमच्या अतिशुद्ध पाण्यात तीन-चारदा उकळ. कॅनमधलं डिस्टिल्ड वॉटर इथे चालत नाही. पिरान्हाच्या (तीव्र सल्फ्युरिक आम्ल आणि पेरॉक्साइडच्या मिश्रणाच्या) वाटेला तर जाऊच नकोस. थोडं ॲसिटोन राहिलं तरी स्फोट होऊ शकतो, आणि त्याच्यावाचून काही अडत नाही.

काउंटर, म्हणजे प्रवाहाचं वर्तुळ पुरं करणारा दुसरा इलेक्ट्रोड, म्हणून प्लॅटिनमची तार इथे ठीक. पण बिगर-प्लॅटिनम कॅटॅलिस्टवर हायड्रोजन काढताना तीच तार काउंटर म्हणून ठेवलीस तर ती हळूहळू विरघळते आणि तुझ्या कॅटॅलिस्टवर जाऊन बसते. मग हजार सायकलींनंतर 'कार्यक्षमता वाढली' असा निष्कर्ष निघतो. वाढलेली असते ती प्लॅटिनमची. ग्रॅफाइटचा रॉड वापर, तोही फ्रिट (सच्छिद्र काचेची चकती) किंवा मेम्ब्रेनपलीकडच्या वेगळ्या कप्प्यात.

आता रेफरन्स इलेक्ट्रोड, म्हणजे ज्याच्या तुलनेत पोटेन्शियल मोजायचं तो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. अल्कलीमध्ये सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइड घालू नकोस. त्यातून क्लोराइड झिरपतं, हायड्रॉक्साइड आत शिरतं आणि पोटेन्शियल सरकत राहतं. मर्क्युरी-मर्क्युरिक ऑक्साइड घे. पुढचा प्रश्न रेफरन्सवरचा आकडा आरएचईत बदलण्याचा. पेपरात दर पीएचला 0.0591 व्होल्ट हा गुणक असतो, पण तो 25 अंश सेल्सिअसचा. बाहेर 45 अंश असताना कूलरच्या भरवशावरच्या लॅबमध्ये सेल 35 ते 40 अंशांवर असतो. 40 अंशांना गुणक 0.0621 होतो. नुसता गुणक बदललास तर पीएच 14 धरून 42 मिलिव्होल्टचा फरक दिसतो, आणि तोही चुकीचाच. कारण तापमानासोबत पाण्याचं आयनीकरण वाढतं, 1 मोलर केओएचचा (पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा) पीएच साडेतेराच्या आसपास येतो आणि खरा फरक दहा-बारा मिलिव्होल्ट उरतो. शिवाय रेफरन्सचं स्वतःचं पोटेन्शियलही तापमानानं हलतं. या हिशेबात अडकण्यापेक्षा थेट मोज. त्याच द्रावणात, त्याच तापमानाला, हायड्रोजनचा बुडबुडा चालू ठेवून स्वच्छ प्लॅटिनमवर सेकंदाला 1 मिलिव्होल्टनं स्कॅन कर. जाताना आणि येताना प्रवाह जिथे शून्य ओलांडतो त्या दोन आकड्यांची सरासरी म्हणजे तुझं आरएचईचं शून्य. हे काम फ्यूम हूडमध्येच. दर आठवड्याला करून वहीत तारखेसह लिही.

तापमान बांधायला जॅकेटचा सेल (दुहेरी भिंतीतून पाणी फिरवता येणारा) लागतोच. पण साधा वॉटर बाथ फक्त तापवतो, थंड करत नाही. मे महिन्यात 25 अंश हवे असतील तर चिलर पाहिजे. नसेल तर सरळ 40 अंशांवर सेल स्थिर ठेव आणि पेपरात 40 लिही. 'खोलीचं तापमान' हे शब्द नागपुरात डिसेंबरला एक सांगतात आणि मे महिन्यात दुसरंच.

ऑक्सिजनच्या बाजूला निकेलवर काम करायचं असेल तर केओएचमधल्या लोखंडाशी गाठ आहे. चांगल्या प्रतीच्या केओएचमध्येही ते असतं, आणि निकेल हायड्रॉक्साइडमध्ये शिरलं की ऑक्सिजन निघण्याचा वेग कितीतरी वाढतो. 2014 मध्ये हे ठळकपणे दाखवलं गेलं, त्यानंतर ते दुर्लक्षून लिहिलेला पेपर जाणकार परीक्षक परत पाठवतो. शुद्धीकरण अवघड नाही. 50 मिलिलिटरच्या प्लॅस्टिकच्या नळीत 2 ग्रॅम अतिशुद्ध निकेल नायट्रेट 4 मिलिलिटर पाण्यात विरघळव. त्यात 20 मिलिलिटर 1 मोलर केओएच घालून हिरवा साका पाड. सेंट्रिफ्यूज करून तीनदा धू. मग त्यावर तुझं केओएच भरून दहा मिनिटं हलव, किमान तीन तास राहू दे आणि वरचं स्वच्छ द्रावण काढून घे. लोखंड साक्याला चिकटून मागे राहतं. हे द्रावण काचेत ठेवलंस तर सगळी मेहनत पाण्यात, कारण अल्कली काच खाते आणि काचेतलं लोखंड बाहेर येतं.

निकेल फोमवर (स्पंजासारख्या सच्छिद्र निकेलवर) पदार्थ वाढवून मोठे प्रवाह दाखवायची सध्या फॅशन आहे. नुसता फोमही तेवढाच वेळ, तेवढ्याच तापमानाला, फक्त पूर्वद्रव्यांशिवाय शिजवून मोज. आणि 2 ओहमच्या रोधातून 100 मिलिअँपिअर गेले की 200 मिलिव्होल्ट द्रावणातच जातात. रोध इम्पीडन्सनं (उलटसुलट प्रवाहाच्या मोजणीनं) काढून 85-90 टक्केच भरपाई कर, पूर्ण करायला गेलीस की पोटेन्शिओस्टॅट (पोटेन्शियल सांभाळणारं यंत्र) थरथरायला लागतो. इंकचं (इलेक्ट्रोडवर थेंब टाकायच्या कॅटॅलिस्टच्या मिश्रणाचं) थोडक्यात सांगते: 5 मिलिग्रॅम पावडर, 1 मिलिलिटर द्रव, त्यात 20 मायक्रोलिटर नाफिऑनचं (प्रोटॉन वाहून नेणाऱ्या पॉलिमरचं) 5 टक्के द्रावण. सोनिकेटरच्या पाण्यात बर्फ टाक. पंख्याखाली थेंब वाळवू नकोस, पदार्थ कडेला गोळा होऊन कडं तयार होतं. वर बीकर उपडा घाल.

मेम्ब्रेनमध्येही तोच क्रम, आधी नाफिऑन 117. 80 अंशांना एकेक तास: 3 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, पाणी, 0.5 मोलर सल्फ्युरिक आम्ल, पुन्हा पाणी. मग मिठाच्या द्रावणात दिवसभर ठेवून सुटलेलं आम्ल टायट्रेट कर. ग्रॅममागे साधारण 0.91 मिलिइक्विव्हॅलंट आलं पाहिजे. कंडक्टिव्हिटी (आयन वाहून नेण्याची क्षमता) काढताना जाडी ओल्या तुकड्याची घे. कोरड्याची 183 मायक्रॉन घातलीस तर उत्तर चुकतं.

पाणी किती शोषलं हे मोजायला सोपं वाटतं. तुकडा बाहेर काढायचा, टिपकागदानं टिपायचा, वजन करायचं. पण मे महिन्यातल्या कोरड्या हवेत काट्यावरचा शेवटचा अंक थांबतच नाही, बघता बघता खाली येतो, आणि कोणता आकडा लिहायचा हे शेवटी तुझ्या मर्जीवर येतं. म्हणून झाकणाची वजन-बाटली आधी तोलून ठेव. तुकडा टिपला की लगेच आत, झाकण बंद, मग वजन. जुलैत उलटी तऱ्हा. डायमिथिल ॲसिटामाइडमधलं पॉलिमर काचेवर ओतून उघडं ठेवलंस तर ते हवेतलं पाणी ओढतं आणि पारदर्शक फिल्मऐवजी पांढरट, सच्छिद्र कातडं मिळतं. पावसाळ्यात काचेची पट्टी आधी ओव्हनमध्ये समतल करून गरम कर आणि तिथेच ओत. अल्कधर्मी मेम्ब्रेन असेल तर हवेतला कार्बन डायऑक्साइड काही मिनिटांत हायड्रॉक्साइडचं बायकार्बोनेट करतो. त्या आयनाची गतिशीलता चौथ्या हिश्श्याच्या आसपास, त्यामुळे नायट्रोजनखाली मोजल्याशिवाय तो आकडा कामाचा नाही.

स्थिरतेची लांब चाचणी वळवाच्या पावसात यूपीएसशिवाय लावू नकोस. वीज गेली की सेलचं पोटेन्शियल कुणी धरून ठेवत नाही, थरातल्या धातूची ऑक्सिडीकरण-अवस्था बदलते आणि वीज आल्यावर आलेख वेगळ्याच ठिकाणाहून सुरू होतो. असं झालंच तर तो तुकडा कापून आलेख जोडू नकोस, खंड तसाच दाखव.

प्लॅटिनमचं पहिलं व्होल्टॅमोग्राम निघालं की मला पाठव. चित्र नको, कच्ची फाइल, आणि सोबत त्या वेळचं सेलचं तापमान.

कळावे.