आजीच्या पेटीतले सोन्याचे नाणे प्राचीन रोमन आहे का, हे कसे ओळखावे?

तुमच्या प्रश्नात तीन गोष्टी आहेत: नाण्याचे वजन ७.७ ग्रॅम आहे, त्यावर उजवीकडे पाहणारा चेहरा असून भोवती रोमन अक्षरे आहेत, आणि सराफाच्या मते ती पुतळी आहे. या वजनाची पुतळी असणे मला शक्य वाटत नाही. आपल्याकडची पुतळी म्हणजे व्हेनिसचे डुकाट नावाचे सोन्याचे नाणे किंवा त्याची नक्कल. ती पातळ असते, भरते साडेतीन ग्रॅमच्या आसपास, आणि तिच्यावर मोठा चेहरा नसून पूर्ण आकृत्या असतात.

रोमन सोन्याच्या नाण्याला ऑरियस म्हणतात आणि त्याचा काळ ठरवताना मी आधी वजन पाहतो. ज्युलियस सीझरच्या काळी एका रोमन पौंड सोन्यातून ४० नाणी पाडत, म्हणजे प्रत्येकी सुमारे ८ ग्रॅम, सम्राट नीरोने इ. स. ६४ च्या सुमारास तेवढ्याच सोन्यातून ४५ पाडायला सुरुवात केल्यावर वजन ७.३ ग्रॅमच्या जवळ आले, आणि नंतरच्या कॉन्स्टंटाइन या सम्राटाचे सॉलिडस हे सोन्याचे नाणे तर जेमतेम साडेचार ग्रॅमचे आहे. तुमचे नाणे अस्सल असेल, तर ते बहुधा नीरोच्या त्या बदलापूर्वीचे असावे.

आता भिंगाखाली अक्षरे वाचा. शब्द संक्षिप्त असतात आणि ‘यू’च्या जागी ‘व्ही’ कोरलेला असतो. ‘टी, आय’ या अक्षरांनंतर ‘सीझर’ वाचता आले आणि मागे हाती राजदंड व डहाळी घेऊन बसलेली स्त्री व ‘पॉन्टिफ मॅक्सिम’ (म्हणजे मुख्य पुरोहित) ही अक्षरे दिसली, तर ते सम्राट टायबेरियसचे (राज्यकाळ इ. स. १४ ते ३७) नाणे आहे. दक्षिण भारतात ते बऱ्याच ठिकाणी सापडले आहे. चेहऱ्यावर छिन्नीचा आडवा घाव असला तरी निराश होऊ नका. १८९८ मध्ये तमिळनाडूतल्या पुदुकोट्टईला मिळालेल्या ५०१ ऑरियसांपैकी बहुतेकांवर असाच घाव होता. अक्षरे नुसतीच अक्षरांसारखी दिसत असतील आणि त्यांचा अर्थ लागत नसेल, तर ती प्राचीन काळी भारतातच केलेली नक्कल असू शकते. अशा नकलांना माळेत ओवण्यासाठी डोक्याच्या वर अनेकदा दोन छिद्रे असतात. अभ्यासकांच्या दृष्टीने त्यांचेही मोल मोठे आहे.

अलीकडच्या बनावटीची शंका असेल तर नाणे दोऱ्याने पाण्यात टांगून तोला. जवळजवळ शुद्ध सोन्याचे ७.७ ग्रॅमचे नाणे पाण्यात सुमारे ०.४ ग्रॅमने हलके भरते, तर मुलामा दिलेले पितळ सुमारे ०.९ ग्रॅमने. मात्र चांगल्या सोन्यातही बनावट नाणी होतात, म्हणून कडेवर साच्याची रेघ किंवा पृष्ठभागावर बारीक बुडबुड्यांचे खळगे आहेत का, हेही पाहावे लागते. खरे नाणे ठोकून पाडलेले असल्यामुळे त्यावर या खुणा नसतात.

कृपया ते पॉलिश करू नका आणि कोणी कितीही सांगितले तरी आटवू नका. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, तिथल्या अभ्यासकांना दोन्ही बाजूंची आणि कडेची स्पष्ट छायाचित्रे व अचूक वजन दाखवून विचारता येईल.