लेकीला रॉकेटचं काम करायचंय, बाबा माटुंगा वर्कशॉपला आहेत

नमस्कार दादा,

पत्र मिळालं, दोनदा वाचलं. थोडक्यात असं, की तुम्ही डोंबिवलीला राहता, मुलगी अकरावी सायन्सला आहे, रात्री जेवण झालं की मोबाईलवर रॉकेटचे बूस्टर, म्हणजे सुरुवातीला जोर देणारे खालचे भाग, परत येऊन उभे उतरतात ते व्हिडिओ बघते, तिला "हेच काम" करायचंय, एका क्लासवाल्याने एरोस्पेसच्या तयारीचे दोन वर्षांचे साडेतीन लाख सांगितलेत, घरात आजवर कोणी इंजिनियर नाही, तुम्ही स्वतः रेल्वेच्या माटुंगा वर्कशॉपला अल्ट्रासोनिक टेस्टिंगवर, म्हणजे ध्वनिलहरींनी लोखंडातली भेग शोधायच्या कामावर आहात. आणि शेवटी लिहिलंय, "आम्ही लोकलचे डबे दुरुस्त करणारी माणसं, आम्हाला यातलं काय कळणार."

ही शेवटची ओळ मला अजिबात पटली नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

ती व्हिडिओत जे बघते ते शेवटची दोन मिनिटं असतात. स्पेसएक्स कंपनीच्या फाल्कन 9 रॉकेटचा बूस्टर पहिल्यांदा डिसेंबर 2015 मध्ये जमिनीवर उभा उतरला, आणि असा बूस्टर परत वापरायचा तर थोडं इंधन परतीसाठी टाकीत राखून ठेवावं लागतं, म्हणजे तेवढं वजन वर कमी नेता येतं. उंच ट्रान्स्फर कक्षेत, म्हणजे फार वरच्या कक्षेकडे नेणाऱ्या मधल्या वाटेवर, जाणारा सॅटेलाइट असेल तर बूस्टर टाकून देऊन 8.3 टन जातं, बूस्टर वाचवायचा तर साडेपाच टनांच्या आसपास. जड सामान न्यायचं तर हा हिशोब फार महाग पडतो, म्हणून मग तीन बूस्टर शेजारी शेजारी बांधायचे, इंजिनं वाढवायची. त्यांच्याच फाल्कन हेवी रॉकेटला 27 इंजिनं आहेत, स्टारशिपच्या सुपर हेवी बूस्टरला 33.

उतरायची गोष्टही तिला नीट समजावून सांगा, तिला आवडेल. फाल्कनचा खाली येणारा बूस्टर जवळजवळ रिकामा असतो, इतका हलका की एकच इंजिन कमीत कमी जोरावर चालवलं तरी तो परत वर जायला लागेल, म्हणजे हवेत थांबून सावकाश टेकणं शक्यच नाही, वेग शून्य व्हायचा क्षण आणि पाय टेकायचा क्षण एकच असायला लागतो. मोटरमन बारा डब्यांची गाडी बरोब्बर मार्कला उभी करतो तसं, फक्त इथे ब्रेक एकदाच मिळतो. फेब्रुवारी 2018 ला फाल्कन हेवी पहिल्यांदा उडालं तेव्हा बाजूचे दोन्ही बूस्टर छान उतरले, मधल्याला उतरताना तीन इंजिनं पेटवायची होती पण पेटवायला लागणारं रसायन दोन इंजिनांना पुरलं नाही, एकच पेटलं, आणि तो ताशी सुमारे 500 किलोमीटरने समुद्रात आदळला.

आता मुद्द्याचं. उतरलेला बूस्टर म्हणजे अर्धंच काम झालंय. तो पुन्हा उडवायचा की नाही हे कोणीतरी सांगायचं असतं, सही करून. इंजिनात काजळी बसलेली असते कारण केरोसीन जळलेलं असतं, पंपाच्या पात्यांनी प्रचंड ताप आणि लगेच त्याच्या शेजारीच उणे 180 अंशांहूनही थंड ऑक्सिजन सोसलेला असतो, टाकीच्या वेल्डिंगवर ताण येऊन गेलेला असतो. डोळ्यांना काहीच दिसत नाही. केसासारखी भेग आत कुठेतरी असली तर ती पुढच्या उड्डाणात वाढणार. अमेरिकेच्या स्पेस शटलचे घन इंधनाचे बूस्टरही 1981 पासून परत वापरायचे, पॅराशूटने समुद्रात पडायचे, जहाजाने ओढून आणायचे, पण खाऱ्या पाण्यातून काढून धुऊन, सगळे भाग सुटे करून, तपासून परत भरायचे, यात इतका वेळ आणि पैसा जायचा की वाचवल्याचा फायदा फारसा उरायचा नाही. म्हणजे बूस्टर परत आणण्याइतकंच, किंवा माझ्या मते जास्तच, महत्त्वाचं आहे की तो किती पटकन आणि किती खात्रीने तपासता येतो.

दादा, हे काम तुम्ही रोज करता. गाडी पीओएचला, म्हणजे ठरावीक मुदतीच्या मोठ्या दुरुस्तीला, आली की अ‍ॅक्सल काढून पुसून घेता, टोकाला तेल लावून प्रोब ठेवता, हळूहळू फिरवता, स्क्रीनवर पलीकडच्या टोकाचा इको शेवटी दिसतो तो ठीक, पण मधेच एखादी टोकदार रेघ उठली की हात थांबतो. परत पुसता, परत तेल, परत प्रोब. ती रेघ खरीच भेगेची आहे की अ‍ॅक्सलच्या घडणीची, हे मशीन सांगत नाही, तुम्ही सांगता, आणि त्या अ‍ॅक्सलवर दुसऱ्या दिवशी कल्याण फास्टला हजारो माणसं उभी असतात. एकदा वापरलेली वस्तू पुन्हा वापरायच्या लायक आहे का हे ठरवणं, रॉकेटच्या धंद्याला हे नीट शिकायला लागून दहा-बारा वर्षं झाली, रेल्वे ते कितीतरी आधीपासून करतेय. तेव्हा आम्हाला काय कळणार असं मुलीसमोर तरी बोलू नका, प्लीज.

आपल्याकडे काय चाललंय ते बघा. इस्रोच्या एलव्हीएम 3 रॉकेटचे बाजूचे मोठे एस 200 बूस्टर घन इंधनाचे आहेत, ते समुद्रात पडतात ते पडतात. पण 18 सप्टेंबर 2024 ला केंद्राने नव्या रॉकेटला मंजुरी दिली, एनजीएलव्ही, 8240 कोटी रुपये, पृथ्वीजवळच्या कक्षेत 30 टनांपर्यंत, आणि पहिला टप्पा परत वापरता येईल असा. इंजिनं मिथेनची, मिथेनने काजळी कमी होते, हेही परत वापरण्याच्या दृष्टीनेच. मुदत 96 महिने, म्हणजे साधारण 2032. तुमची मुलगी इंजिनियर होऊन एक-दोन वर्षं हात चालवायला शिकलेली असेल तेव्हाच अशी माणसं लागणार आहेत.

कोर्सबद्दल. एरोस्पेसच पाहिजे असा हट्ट नको. जेईई अ‍ॅडव्हान्स्डमध्ये चांगली रँक आली तर पवईला आयआयटीत एरोस्पेस आहे, तिरुवनंतपुरमला आयआयएसटी, म्हणजे अंतराळ विज्ञान-तंत्रज्ञानाची संस्था आहे, जरूर जावं, पण आयआयएसटीत गेलं की इस्रोची नोकरी ठरलेली असं कोणी सांगत असेल तर ते धरून चालू नका. रँक नाही आली तर रडायचं कारण नाही, इस्रोच्या सायंटिस्ट-इंजिनियर भरतीत सगळ्यात नेहमीच्या जागा मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स आणि कॉम्प्युटरच्याच असतात, पदवीला 65 टक्के किंवा 6.84 सीजीपीए लागतो. म्हणून सीईटी देऊन व्हीजेटीआयला मेकॅनिकल मिळालं तर माझ्या दृष्टीने ते उत्तम आहे, तुमच्या वर्कशॉपच्या जवळच, सकाळी एकाच गाडीने निघाल. दुसऱ्या कॉलेजात मेटलर्जी, म्हणजे धातूंचं इंजिनियरिंग, मिळाली तरी घ्या, भेग का पडते हे त्याच शाखेत शिकवतात. पदवी झाल्यावर एनडीटीचं, म्हणजे वस्तू न तोडता तपासायच्या तंत्राचं, लेव्हल टू सर्टिफिकेट करायचं. आणि विक्रोळीला गोदरेजमध्ये इस्रोसाठी विकास इंजिनं बनतात हे तिला माहीत आहे का विचारा, रोज लोकलने तिथूनच जाता की.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो कारण व्हिडिओ बघणारी बरीच मुलं इथेच फसतात. अमेरिकेत रॉकेट म्हणजे शस्त्रांच्या नियमात येणारी वस्तू, तिथल्या रॉकेट कंपन्यांत बहुतेक कामं नागरिकांना किंवा ग्रीन कार्ड असलेल्यांनाच मिळतात. परदेशी एमएससाठी घरावर कर्ज काढून "तिकडे लागेल" हा बेत आत्ताच डोक्यातून काढा.

साडेतीन लाख भरू नका. निदान आत्ता तरी नको. मुलीचं फिजिक्स आणि गणित कुठे आहे हे तुम्ही लिहिलंच नाहीये, ते आधी बघू, तिचे पहिल्या घटक चाचणीचे पेपर, मार्क नाही, पेपर, घेऊन या. आणि ईडब्ल्यूएस, एसईबीसी किंवा ओबीसी असाल आणि घरचं वर्षाचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर 2024 पासून महाराष्ट्रात मुलींना कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीतून, घेतलेल्या व्यावसायिक कोर्सची शिक्षण फी पूर्ण माफ आहे, दाखले आत्तापासून काढायला घ्या, ऐनवेळी तहसीलला रांगा असतात.

येताना तिलाही आणा. आणि त्याआधी एखाद्या दिवशी साहेबांची रीतसर परवानगी काढून तिला वर्कशॉपला घेऊन जा, बाद झालेला एखादा अ‍ॅक्सल असेल त्यावर प्रोब तिच्या हातात द्या आणि भेगेची रेघ तिची तिला शोधू द्या.